काटकरांचे कोरे बूट

त्या हिवाळ्यात इंदूरच्या एका सरकारी कचेरीतले कारकून एकाएकी पळू लागले. खात्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, सगळीच खाती तशी सारखीच. मध्यप्रदेश नवा नवा झाला होता. होळकरांची राजधानी जिल्ह्याचं गाव होऊन बसली होती, दफ्तरं ट्रकांत भरून भोपाळला जात होती आणि दफ्तरांच्या मागोमाग माणसं. भोपाळचं एक वेळ चाललं असतं. पण खात्याने जगदलपूरला नवी कचेरी काढली आणि इंदूरच्या पाच कारकुनांची नावं तिकडे लावली. जगदलपूर कुठे आहे ते पाहायला भिंतीवरचा नकाशा उतरवावा लागला, कारण ते गाव इतकं खाली होतं की हेडक्लार्कच्या खुर्चीमागे झाकलं गेलं होतं.

अशा वेळी सुपरिंटेंडेंट साहेबांनी, ज्यांना खेळांचा शौक होता आणि खेळता एकही येत नव्हता, जाहीर केलं की संक्रांतीनंतर सगळ्या खात्यांची मिळून सडकेवरची दौड आहे. "अपने डिपार्टमेंट में जो फर्स्ट आएगा, वो हमारा रनर. रनर की प्रॅक्टिस इंदौर में होगी. तो रनर का तबादला कैसे होगा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही कारकून सडकेवर होते.

त्या पाचांतला एकच खरा पळणारा होता, मल्हारगंजातला उदयसिंह काटकर. लहानपणापासून तो अनवाणी बिजासन टेकडीपर्यंत पळत जायचा आणि पळत यायचा. का, ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं. बाकीच्या चौघांत शंकरराव नावाचा एक उंच, लांब टांगांचा कारकून तेवढा दखल घेण्याजोगा. उरलेले तिघे पळताना डबा सांभाळत.

उदयसिंहाची बायको प्रेमलता देवासची. लग्नाला वर्ष झालं होतं. सोयरीक ठरताना तिच्या वडिलांनी एकच अट घातली होती, की मुलगी शिकेल. आणि काटकरांनी एकच घातली होती, की नवरा असेल तिथे राहून शिकेल. दोन्ही बाजूंना आपण जिंकलो असं वाटलं. आता ती इंटर सायन्सच्या वर्गात बसत होती, तिथे नुकताच बेडूक कापून झाला होता, आणि पुढे काय कापायचं याची तिला भारी उत्सुकता होती. जगदलपूरला तिच्या वर्गाची सोय नाही असं तिने ऐकलं होतं. म्हणजे हिशेब साधा होता. उदयसिंह पहिला आला तर कॉलेज. नाही आला तर बेडूक सुटले.

अनवाणी माणूस पाहून सुपरिंटेंडेंट साहेबांना खात्याच्या इज्जतीची काळजी वाटली. "जूते पहनके दौडो भाई, हम सरकार हैं!" म्हणून बूट घ्यायचे ठरले. आणि घ्यायचे ठरले म्हणजे प्रेमलताचे सासरे नानासाहेबच घेणार. नानासाहेब होळकरांच्या रिसाल्यातले, म्हणजे घोडदळातले. रिसाला केव्हाच मोडला होता, पण नानासाहेब अजून आरामखुर्चीतसुद्धा लगाम धरल्यासारखे बसत. पादत्राणांबद्दल त्यांच्यापुढे बोलायची घरात कोणाची छाती नव्हती.

ते महूला गेले, छावणीतल्या दुकानात. बरोबर प्रेमलता गेली, कारण बूट कसे निवडतात ते तिला पाहायचं होतं. उदयसिंह गेला नाही. त्याच्या पायाच्या मापाची सुतळी गेली. काटकरांच्या घरात पाय दुकानात नेण्याची पद्धत नव्हती. आजोबांच्या काळी मोची वाड्यावर यायचा, मोची गेले तेव्हा माप जाऊ लागलं.

नानासाहेबांनी किरमिचाचा पांढरा बूट उचलून आधी त्याचा वास घेतला. मग दुमडला. मग रबरी तळावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावून ऐकलं.

"साहब, जिनको पहनना है उनके पैर में डालके तो देखते," दुकानदार म्हणाला.

"भिया, घोड्याला नाल काय दुकानात ठोकून बघतात?" नानासाहेब म्हणाले. सुतळी बुटात घातली, बसली, बूट बांधून घेतले.

त्यानंतर प्रेमलता मावसबहिणीच्या लग्नाला देवासला गेली. चांगले बरेच दिवस राहिली, परतली, आणि पाहते तो उदयसिंह जिन्याची एकेक पायरी कठड्याला विचारून उतरतोय. उजव्या गुडघ्याला, बाहेरच्या अंगाला, कळ येत होती.

घरात उपाय सुरू होते. सासूबाई आनंदीबाईंनी दृष्ट काढली होती आणि तिळाचं तेल चोळलं होतं, म्हणजे काहीही झालं तरी दोहोंपैकी एकाचा गुण आला असता. नानासाहेबांच्या मते हाडाला थंडी लागली होती. आखाड्यातला एक पैलवान म्हणाला, नस सरकली. कचेरीतून शंकरराव मुद्दाम भेटायला आले, पाटावर बसले, पोहे खाल्ले आणि फार कळवळून म्हणाले, "उदय भिया, जीव आहे तर जहान आहे. माझं ऐक, तू आराम कर. महिनाभर बिलकुल हलू नको."

"दौड पंधरवड्यावर आली," उदयसिंह म्हणाला.

"तेच तर म्हणतोय."

प्रेमलताला कोणाचंच पटलं नाही, आणि स्वतःचं काही सुचलं नाही. जी गोष्ट कळत नाही तिच्याभोवती घिरट्या घालायची तिची सवय होती. तिने रात्री जेवताना विचारलं, "अहो, दुखतं ते बूट घातल्यावर, की काढल्यावर?"

"दुखतं तेव्हा दुखतं. मी बघत बसतो काय?"

"मग मी बघते."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती शाल गुंडाळून बडा गणपतीपाशी सडकेच्या कडेला उभी राहिली. नवऱ्याला पुढून येताना पाहिलं, मागून जाताना पाहिलं. चहाच्या ठेल्यावरच्या लोकांना वाटलं, ही बाई कर्जवसुलीला उभी असावी. मागून पाहताना तिला काहीतरी विचित्र वाटलं, पण काय ते चटकन लक्षात येईना. मग लक्षात आलं. उदयसिंहाचे गुडघे बाहेर फाकले होते. खाली घोडा असावा आणि तो फक्त दिसत नसावा, तसा तो पळत होता.

"आता बूट काढून पळा," ती म्हणाली.

"लोक बघतायत."

"लोक मघापासून माझ्याकडे बघतायत. पळा."

तो सडकेच्या कडेच्या धुळीतून अनवाणी पळाला. घोडा गेला. पाय सरळ पडले. प्रेमलता वाकून धुळीतले ठसे पाहू लागली. अनवाणी पावलाचा ठसा भरलेला होता. बुटाचा ठसा बाहेरच्या कडेने खोल आणि आतल्या कडेने जेमतेम. जणू अर्धाच बूट पळाला होता.

घरी येऊन तिने बूट फरशीवर ठेवले. दोन्ही बूट बाहेरच्या बाजूला कलले, भांडण झालेल्या जावांसारखे. उलटे करून पाहिले तर तळाचं रबर बाहेरच्या कडेला झिजून गुळगुळीत.

"हे बूट आधी कोणी वापरलेत?" तिने उदयसिंहाला विचारलं.

"छे. कोरे आहेत. तूच तर आणलेस."

तिने नानासाहेबांना विचारलं. "कोरे!" ते म्हणाले, आणि वरून, "काटकरांच्या घरात उतरलेला जोडा कोणी घालत नाही, सूनबाई."

तिने सैपाकघरात आनंदीबाईंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. "कोरेच ग. कोणी पायात नाही घातले. मारुतीने फोडून दिले तेवढेच."

प्रेमलता जागच्या जागी उभी राहिली. "फोडून म्हणजे?"

"म्हणजे काय? नवा जोडा चावतो ना. तो असाच कसा द्यायचा घरच्या माणसाला? आधी मारुती घालतो, नरम करतो, मग आपण. तुझ्या आजेसासऱ्यांपासून आहे हे. तुमच्या देवासला नाही करत?"

देवासला ज्याला जोडा चावे तो स्वतःच लंगडत असे. काटकरांकडे मात्र ही जुनी रीत होती, आणि ती इतकी जुनी होती की मारुतीने घालणं हे घालण्यात धरतच नसत. पाणी गाळलं म्हणून कोणी उष्टं म्हणतं का? तसंच. तिघांपैकी कोणी खोटं बोललं नव्हतं.

मारुती नानासाहेबांबरोबर रिसाल्यातून निवृत्त झालेला त्यांचा अर्दली. मागच्या अंगणातल्या खोलीत राहायचा. त्याला बोलावलं, आणि तो आला. प्रेमलताने त्याला वर्षभर येता-जाता पाहिलं होतं, पण त्याचे पाय आज पहिल्यांदा पाहिले. उभा जन्म घोड्यावर गेलेला. त्याच्या दोन गुडघ्यांमधून घरातलं मांजर न वाकता जात असे.

"हो, मीच फोडले," तो छाती काढून म्हणाला. "उदयबाबांच्या नोकरीचा सवाल, मालकीणबाई. एक दिवस पायातून उतरवले नाहीत. चालून चालून असे मऊ केले, लोण्यासारखे! झोपलो तेसुद्धा घालून."

"आणि पाय कसा टाकता तुम्ही? जरा चालून दाखवता?"

मारुती चालला. पावलाच्या बाहेरच्या कडेवर, डावीकडे झुलत, उजवीकडे झुलत, अंगणाच्या टोकापर्यंत. प्रेमलताने बूट हातात धरून एकदा त्याच्याकडे आणि एकदा बुटाकडे पाहिलं. बेडूक कापल्यावर आतलं हृदय चालू दिसलं होतं, तेव्हा वाटलं होतं तसं तिला वाटलं.

आता हे नानासाहेबांना सांगायचं होतं. ती ओसरीवर गेली, पदर सावरला आणि सांगितलं. मारुतीचे पाय धनुष्यासारखे, म्हणून बूट तसे झिजले, म्हणून ह्यांचा पाय तसा पडतो, म्हणून गुडघा.

नानासाहेबांनी हुक्का बाजूला केला. "सूनबाई, मारुतीने फोडलेले जोडे मी अख्खी नोकरी घातले. माझा गुडघा कधी दुखला?"

"मामंजी, तुम्ही घोड्यावर होतात."

नानासाहेब काही बोलणार होते. मग त्यांनी खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. त्यांचेही दोन गुडघे एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर होते, वर्षानुवर्षं बोलचाल नसल्यासारखे.

"हं," ते शेवटी म्हणाले. "आम्हाला ते बसायचे खरे."

दुसऱ्या दिवशी काटकरांच्या घराण्यातला पाय पहिल्यांदा दुकानात गेला. उदयसिंहाने बूट घातले, दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारल्या. तेवढ्याने काय कळतं, असं प्रेमलता म्हणाली, म्हणून तो फळीवरून उतरून सडकेवर पळत सुटला.

"ओ भिया! ओ भाईसाब! पैसे!" दुकानदार मागे धावला.

"येतील, येतील," प्रेमलता शांतपणे म्हणाली. ती उदयसिंहाचे गुडघे पाहत होती. "यापेक्षा अर्धा नंबर मोठा दाखवा. बोटं पुढे लागतायत."

दुकानदार धापा टाकत परतला आणि त्या कुटुंबाला त्याने तिसरा, चौथा, पाचवा जोड दाखवला. चौथा ठरला. सुतळीच्या मापापेक्षा तो मोठा होता, कारण माप घेताना उदयसिंह बसलेला होता आणि पळताना माणूस सहसा उभा असतो.

नवे बूट उदयसिंहाने स्वतः फोडायला घेतले. ते घालून कचेरीत गेला, टेबलाखाली बोटं हलवत बसला, चावलं तिथे कापूस घातला. शंकररावांनी खाली वाकून पाहिलं. "काय यार, आत्तापासून घालून जुने करतोस? मी दौडीच्या दिवशी कोरे करकरीत काढणार. शगुन असतो."

सकाळी प्रेमलता पुन्हा बडा गणपतीपाशी. पाय सरळ पडत होते, घोडा दिसत नव्हता, आणि ती मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देणार तेवढ्यात उदयसिंह टेकडीवरून परत आला तो गुडघा धरून.

हे मात्र वाईट झालं. इतकं सुबक कारण तिने शोधून काढलं होतं, आणि गुडघ्याने ते ऐकलंच नव्हतं. दोन दिवस वर्गात शिकवलेलं कानावरून जात होतं. मग तिने उलट्या बाजूने विचारायला सुरुवात केली. बूट येण्याआधी जे होत नव्हतं आणि आता होतं, असं बुटाशिवाय काय?

"पूर्वी टेकडीवर किती वेळा जायचात?"

"एकदा."

"आणि आता?"

"आबांनी सांगितलंय, बूट आहेत ना आता, दोनदा जा. परवापासून तीनदा म्हणतायत." उदयसिंह जरा थांबला. "आणि उतारावर दौड मार म्हणतात."

म्हणजे नानासाहेबांनी नाल नवी ठोकली म्हणून घोडा दुप्पट पिटाळला होता. मारुतीच्या पायांचा दोष होताच. पण किती त्या पायांचा आणि किती या हौसेचा, ते काही तिला वेगळं काढता येईना. तिने ते तसंच सोडून दिलं आणि टेकडी बंद केली. सपाटीवर थोडं पळायचं, दुखलं की चालायचं. नानासाहेबांच्या दृष्टीने ही शरणागती होती. रिसाल्यात कोणी दुखलं म्हणून चाललं नव्हतं. पण त्या दिवशी पायांकडे पाहिल्यापासून ते जरा सांभाळून होते.

दौडीचा दिवस उजाडला तेव्हा गुडघा बरा होता, पण मनातून रागावलेला. परदेशीपुऱ्यातल्या मिलच्या मैदानावरून निघायचं, शहराला वळसा घालायचा आणि परत तिथेच यायचं. प्रेमलताने सुरुवातीला एवढंच सांगितलं, "दुखलं तर चाला."

"आणि जगदलपूर?"

तिने वाकून त्याच्या बुटाची गाठ तपासली. मग म्हणाली, "दुखलं तर चाला."

शंकरराव शेजारीच उभे होते. त्यांचे बूट इतके पांढरे होते की डोळ्यांना त्रास व्हावा. डबेवाले तिघेही नव्या बुटांत होते. कालच संध्याकाळी चौघे मिळून घेऊन आले होते.

शिट्टी झाली. प्रेमलता आणि नानासाहेब टांग्याने शेवटच्या टप्प्याच्या सडकेवर जाऊन उभे राहिले. आधी मिलचे कामगार आले, पोलीस आले. ते आपले नव्हते, येऊ दे. मग शंकरराव आले, लांब टांगा टाकत, पण चेहरा असा की कोणी आत चिमटे घेतंय. आणि मग, बऱ्याच मागे, उदयसिंह.

प्रेमलताची नजर चेहऱ्याकडे गेलीच नाही. गुडघ्याकडे गेली. उजवा पाय किंचित बाहेर पडू लागला होता.

"दौड! मार टाच! दौड!" नानासाहेब ओरडले, टांग्याचा घोडा दचकला.

शंकरराव अजून दिसत होते. पोहोचण्यासारखं अंतर होतं. प्रेमलताला ते स्वच्छ दिसलं, आणि त्याच्या पलीकडे कॉलेजची पायरीही दिसली.

"चाला!" ती ओरडली. भर सडकेवर, सासऱ्यांच्या शेजारी उभी राहून, नवऱ्याला. "अहो, चाला म्हणते ना!"

उदयसिंहाने तिच्याकडे पाहिलं, दात खाल्ले आणि चालू लागला. चार लोक त्याला ओलांडून गेले, त्यांत डबेवाले तिघेही होते. प्रेमलताने शाल घट्ट ओढून घेतली. नानासाहेब टांगेवाल्याला हळूच म्हणाले, "धीरे चला भिया. घाई नाही आता."

म्हणून त्यांना सगळं नीट पाहायला मिळालं. पहिल्या पुलियाच्या कठड्यावर डबेवाल्यांपैकी दोघे बसले होते, बूट मांडीवर. तिसरा थोडा पुढे, एका पायात बूट घालून उंटासारखा चालत होता. आणि मैदान दिसू लागलं तिथे, निंबाखाली, शंकरराव. दोन्ही टाचा सोललेल्या, मोजे लाल. त्यांनी बूट काढून अनवाणी जायचा प्रयत्न केला होता. पण खडीने दहा पावलांत खाली बसवलं.

उदयसिंह त्यांच्या समोरून गेला. थोडं चालला, थोडं सांभाळून पळाला, परत चालला. आणि आपल्या खात्यात पहिला आला.

सुपरिंटेंडेंट साहेब हार घेऊन उभे होते. अशा चालीने येणाऱ्याला हार घालावा की नाही, याचा कुठे नियम नव्हता. "काटकर, आप फर्स्ट हैं," ते जरा नाखुशीने म्हणाले. "सत्रहवें, लेकिन फर्स्ट."

नानासाहेब तोपर्यंत टांग्यातून उतरून शंकररावांच्या बुटाजवळ पोहोचले होते. त्यांनी तो उचलला, दुमडायचा प्रयत्न केला, दुमडेना. त्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला. "बघ, सूनबाई! बघ! फोडलेले नव्हते!"

प्रेमलताने बूट हातात घेऊन पाहिला. टाचेची कड लाकडासारखी होती. "खरं आहे, मामंजी," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. "फोडायला हवेतच. ज्याचे त्याने."

"तेवढं मी ऐकलं नाही," नानासाहेब म्हणाले, आणि मुलाला मिठी मारायला गेले.

तिलाही तिकडे जायचं होतं. कॉलेज उद्या होतं, परवा होतं, परीक्षेपर्यंत होतं, आणि हे त्या लंगड्या माणसाने मिळवलं होतं. पण शंकरराव तिथेच निंबाखाली बसले होते, आणि ती त्यांच्या टाचेपाशी वाकली.

"भावजी, आधी कुठे लागायला लागलं? वर की खाली?"

"वहिनी," शंकरराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला, "मला आता जगदलपूरला जावं लागणार. घरी म्हातारी आई आहे. आणि तुम्ही टाच काय बघताय?"

प्रेमलताला लाज वाटली. ती उठून उभी राहिली, टांग्यातून पाण्याचा तांब्या आणला, आपल्या रुमालाची पट्टी फाडली आणि त्यांच्या टाचेला नीट बांधून दिली. घरी सोडायला टांगा देते म्हणाली. शंकररावांनी डोळे पुसले, मान हलवली.

ती दोन पावलं गेली आणि थांबली.

"भावजी, एवढंच सांगा. मोजे सुती होते, की लोकरीचे?"